सिक्का कुणाचा? रोमचे प्रजासत्ताक आणि त्याचे चांदीचे नाणे

उर्दूत नाण्याला सिक्का म्हणतात. मराठीत त्याच शब्दाचा शिक्का झाला, म्हणजे छाप, मोहर. या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला ही जोडी फार उपयोगी पडते. धातूचा तुकडा कितीही चोख असला तरी त्यावर कुणाची तरी छाप पडल्याशिवाय तो नाणे होत नाही, हे एका शब्दात सांगता येते. मध्ययुगातल्या मुस्लिम राजवटींत हुकूमत कुणाची आहे हे दोन खुणांवरून ओळखत. जुम्म्याच्या खुत्ब्यात कुणाचे नाव घेतात आणि सिक्क्यावर कुणाचे नाव आहे. गादीवर बसणारा आधी या दोन गोष्टी उरकून घेई.

मग जिथे राजाच नाही, तिथे नाण्यावर काय छापायचे? हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी रोम शहराला पडला होता. त्याने दिलेले उत्तर काही पिढ्या टिकले आणि नंतर मोडले. ते कसे मोडले हे ग्रंथांतून कळतेच, पण त्या काळातली नाणी एका ओळीत मांडली तर डोळ्यांनी दिसते. म्हणून हा लेख.

राजा नको

परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९मध्ये रोमन लोकांनी आपला शेवटचा राजा तार्किनियस याला हाकलून दिले. त्यानंतर 'राजा' हा शब्द तिथल्या राजकारणात शिवीसारखा झाला. राज्याला त्यांनी नाव दिले 'रेस पुब्लिका', म्हणजे सार्वजनिक गोष्ट, सगळ्यांची गोष्ट. इंग्रजीतला 'रिपब्लिक' हा शब्द त्यातूनच आला. आपण त्याला प्रजासत्ताक म्हणतो, उर्दूत जम्हूरिया म्हणतात.

सत्ता एका हातात साचू नये एवढ्यासाठी सगळी व्यवस्था रचलेली होती. सर्वोच्च अधिकारी म्हणजे कॉन्सल. ते एक नव्हे, दोन. मुदत फक्त एक वर्ष, आणि एकाचा हुकूम दुसरा अडवू शकत असे. सामान्य लोकांच्या रक्षणासाठी ट्रिब्यून निवडले जात. 'मी मनाई करतो' एवढे ट्रिब्यूनने म्हटले की मोठ्या अधिकाऱ्याचे कामही थांबे. त्याच्या अंगाला हात लावणे हा धर्माविरुद्धचा अपराध मानला जाई. फार मोठे संकट आले तर एकाच माणसाला डिक्टेटर नेमत, पण तेही जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. या सगळ्यांच्या मागे सिनेट होती. सुमारे तीनशे अनुभवी माणसांची ही सभा नावाला फक्त सल्ला देई, पण तो सल्ला डावलणे सोपे नव्हते. सरकारी खजिना शनिदेवाच्या, म्हणजे सॅटर्नच्या, देवळात असे. क्वेस्टर नावाचे तरुण अधिकारी त्याचा हिशेब ठेवत आणि पैसा कशावर खर्च करायचा हे सिनेट ठरवी.

ही लोकशाही होती का? आजच्या अर्थाने नाही. बायकांना मत नव्हते आणि गुलामांना तर काहीच नव्हते. कॉन्सल निवडणाऱ्या जनसभेत मते डोक्यांनी मोजत नसत. नागरिकांचे १९३ गट पाडलेले होते आणि प्रत्येक गटाचे एक मत. जुन्या रचनेत त्यांतले ९८ गट एकट्या श्रीमंतांचे होते. म्हणजे श्रीमंत एकत्र आले की गरिबांची पाळी येण्याआधीच निकाल लागे. हे विसरून रोमचे गोडवे गाऊ नयेत. पण एक गोष्ट त्यांनी नक्की साधली होती. राज्य कुणा एकाच्या नावावर नव्हते. हे जेवढे खरे होते, तेवढे ते नाण्यावरही दिसत होते.

देनारियसचा जन्म

चांदीचे जे नाणे रोमची ओळख ठरले, ते देनारियस. त्याचा जन्म इ.स.पू. २११च्या सुमाराचा, म्हणजे ऐन युद्धातला. कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता. खजिना रिकामा झाला होता आणि जुन्या नाण्यांतली चांदी घटत चालली होती. याच सुमारास सिराक्यूज हे सधन शहर रोमच्या हाती पडले. लुटीची चांदी आली आणि चलनाची नवी घडी बसवता आली. देनारियस म्हणजे 'दहाचा'. काशाची दहा 'अस' नाणी म्हणजे एक देनारियस. त्यावर दहाचा रोमन आकडाच कोरलेला असे. पुढे इ.स.पू. १४०च्या आसपास हा भाव सोळा असांचा झाला, नाव मात्र 'दहाचा' हेच राहिले.

वजन सुरुवातीला सुमारे साडेचार ग्रॅम होते. लवकरच ते ३.९ ग्रॅमच्या आसपास स्थिरावले आणि पुढे अडीचशे वर्षांहून जास्त काळ जवळपास तेच राहिले. चांदीही, अडचणीची काही वर्षे सोडली तर, नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध असे. इतका काळ इतके खरे राहिलेले चलन इतिहासात फार थोडे आहे.

सुरुवातीच्या नाण्याच्या एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, म्हणजे शहराचीच मूर्ती. दुसऱ्या बाजूला घोड्यांवरून दौडणारे दोन जुळे देव आणि खाली एकच शब्द: 'रोमा'. हा नाण्यावरचा शिक्का. सेनापतीचे नाव नाही, कॉन्सलचेही नाही. सिक्का शहराचा होता.

मात्र ही चांदी कुठून येत होती तेही सांगितले पाहिजे. हॅनिबलच्या युद्धात रोमने कार्थेजकडून स्पेन घेतला आणि कार्टाजेनाजवळच्या खाणी ताब्यात आल्या. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की तिथे ४०,००० माणसे राबत आणि रोमन जनतेला रोज २५,००० द्राख्मांचे उत्पन्न मिळे. दिओदोरस नावाच्या दुसऱ्या ग्रीक लेखकाने खाणीतल्या गुलामांची हालत लिहून ठेवली आहे. रात्रंदिवस जमिनीखाली, विसाव्याशिवाय, फटक्यांखाली, जगण्यापेक्षा मरण बरे वाटावे अशी. सगळ्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या राज्याचे नाणे अशा माणसांच्या घामातून निघत होते, ज्यांना त्या 'सगळ्यां'त जागा नव्हती.

नाण्यावर कायदे

टांकसाळ कॅपिटोल टेकडीवर जूनो मोनेटा देवीच्या देवळालगत होती. 'मोनेटा'वरूनच इंग्रजीतले 'मनी' आणि 'मिंट' हे दोन्ही शब्द निघाले. तिचा कारभार दरवर्षी तीन तरुण पाहत. राजकारणात पाऊल टाकू पाहणाऱ्या चांगल्या घरच्या मुलांची ही पहिली पायरी असे. आधी ही मुले नाण्यावर आपले नाव आखूडसे घालत. इ.स.पू. १३५च्या सुमारापासून चित्रेही बदलू लागली. जुळे देव मागे पडले आणि ज्याच्या हाती ठसे, त्याच्या घराण्याचे पराक्रम नाण्यावर येऊ लागले. अमक्याच्या पणजोबाने उभारलेला स्तंभ, तमक्याच्या पूर्वजाने जिंकलेली लढाई.

यातूनच काही अप्रतिम नाणी निघाली. पोर्सियस लेका याच्या सुमारे इ.स.पू. ११०च्या नाण्यावर लष्करी वेषातला अधिकारी हात उगारून उभा आहे, त्याच्या मागे काठी घेतलेला शिपाई, समोर साधा नागरिक. खाली शब्द आहे 'प्रोवोको', म्हणजे 'मी दाद मागतो'. पोर्सियस घराण्याच्या कायद्यांनी नागरिकाला फटक्यांच्या शिक्षेविरुद्ध जनतेकडे दाद मागण्याचे संरक्षण दिले होते, त्याची ही आठवण. माझ्या मते जगातल्या सुंदर नाण्यांपैकी हे एक आहे. नागरिकाचा हक्क, तोही बोलणाऱ्याच्या तोंडच्या शब्दात, बाजारातल्या माणसाच्या मुठीत.

नेर्व्हाच्या इ.स.पू. ११३च्या सुमाराच्या नाण्यावर मतदान चालले आहे. एक नागरिक मतपाटी घेतो आहे, पलीकडे दुसरा ती पेटीत टाकतो आहे. कॅसियस लाँगिनसच्या पन्नासेक वर्षांनंतरच्या नाण्यावर मतदाराच्या हातातल्या पाटीवर एक अक्षर स्पष्ट दिसते, 'होकार' या अर्थाचे. इ.स.पू. १३९ आणि १३७च्या कायद्यांनी आधी निवडणुकीत आणि मग खटल्यांत गुप्त मतदान आले. त्यातला दुसरा कायदा याच कॅसियस घराण्यातल्या माणसाचा. तोपर्यंत मत तोंडी द्यावे लागे, आणि सावकार समोर उभा असताना तोंडी दिलेले मत कितपत आपले असते हे सांगायला नको.

पण याच नाण्यांत फटही दिसते. कायदा सगळ्यांचा आणि त्याची जाहिरात एका घराण्याची. 'रोमा' हा शब्द हळूहळू गळत गेला आणि घराण्यांची नावे मोठी होत गेली. अजून जिवंत माणसाचा चेहरा मात्र कुणी छापत नव्हते. ती मर्यादा सगळे पाळत होते.

खरे-खोटे नाणे आणि एकट्याचे श्रेय

इ.स.पू. ९१मध्ये इटलीतल्या मित्रराज्यांनी नागरिकत्वाच्या हक्कासाठी बंड केले. बंडखोरांनी स्वतःचे चांदीचे नाणे पाडले. त्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगांनी तुडवतो आहे. युद्ध संपता संपता रोमला नागरिकत्व द्यावेच लागले. पण खर्चाने खजिना पिळून निघाला, कर्जे थकली आणि बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला. आत तांबे, वर चांदीचा मुलामा. सिसरो म्हणतो की आपल्याजवळ नेमके किती आहे हे कुणालाच कळेनासे झाले होते.

इ.स.पू. ८५च्या सुमारास प्रेटर आणि ट्रिब्यून एकत्र बसले. नाण्यांची पारख आणि खोटेपणाला शिक्षा याबद्दल त्यांनी फर्मान तयार केले. दुपारनंतर सगळ्यांनी मिळून ते जाहीर करायचे असे ठरले. बाकीचे पांगले. मारियस ग्रातिदियानस हा प्रेटर मात्र थेट सभेच्या व्यासपीठावर गेला आणि ते एकट्याने जाहीर करून मोकळा झाला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभे राहिले, त्यांच्यापुढे धूप आणि मेणबत्त्या पेटल्या. तीनच वर्षांनी सत्ता पालटली, तेव्हा सुल्लाच्या माणसांनी त्याला हाल हाल करून मारले.

ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. निर्णय सगळ्यांचा होता आणि चांगला होता. लोकांना मात्र एक चेहरा हवा होता, आणि एकाला तो चेहरा व्हायचे होते. दोघांची गरज जुळली. प्रजासत्ताके बहुधा अशाच जुळणीतून पोखरली जातात. जबरदस्तीचा प्रसंग नंतर येतो.

खजिन्याच्या दारात

जबरदस्ती आलीच. पूर्वी रोमचा सैनिक म्हणजे जमीन असलेला शेतकरी. लढाई संपली की तो घरी जाई. इ.स.पू. १०७मध्ये मारियसने भूमिहीनांनाही सैन्यात घेतले आणि पुढे हीच रीत पडत गेली. या माणसांना परतायला घर नव्हते. म्हातारपणी जमीन मिळेल तर ती सेनापतीच्या शब्दावर, कारण सिनेट ती द्यायला तयार नसे. साहजिकच निष्ठा सेनापतीकडे वळली. इ.स.पू. ८८मध्ये सुल्लाने रोमन सैन्य घेऊन रोमवरच चाल केली. असे पूर्वी घडले नव्हते. पुढे तो डिक्टेटर झाला, आणि सहा महिन्यांची अट राहिली नाही.

इ.स.पू. ४९मध्ये ज्युलियस सीझर रुबिकॉन नदी ओलांडून आला. रोममध्ये शिरल्यावर त्याला सॅटर्नच्या देवळातला खजिना हवा होता. मेटेलस नावाचा ट्रिब्यून दाराशी उभा राहिला आणि त्याने मनाई केली. कायद्याने एवढे पुरे होते. सीझरने त्याला ठार मारण्याची धमकी दिली, कुलपे तोडवली आणि सोन्याचांदीच्या विटा नेल्या. त्याच काळात हत्तीचे चित्र आणि खाली 'सीझर' हा एकच शब्द असलेले देनारियस प्रचंड संख्येने निघाले. दीडशे वर्षांपूर्वी जिथे 'रोमा' हा शब्द असे, तिथे आता हा होता. सीझरने सैनिकांचा पगारही दुप्पट केला. वर्षाला २२५ देनारियस हा दर त्यानंतर बराच काळ टिकला.

इ.स.पू. ४४च्या सुरुवातीला शेवटची मर्यादा गेली. सीझर तहहयात डिक्टेटर झाला आणि रोमच्या टांकसाळीत पहिल्यांदाच जिवंत रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर आला. ही परवानगी सिनेटनेच दिली होती, हे विशेष. १५ मार्चला त्याचा खून झाला.

ब्रुटसची दोन नाणी

आता दोन नाणी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही एकाच माणसाची.

पहिले इ.स.पू. ५४चे. तरुण मार्कस ब्रुटस त्या वर्षी टांकसाळीवर होता. नाण्याच्या एका बाजूला स्वातंत्र्यदेवी आहे आणि तिचे नाव 'लिबर्टास'. दुसऱ्या बाजूला त्याचा पूर्वज लुसियस ब्रुटस, राजाला हाकलणारा पहिला कॉन्सल, आपल्या शिपायांसह चालतो आहे. संदेश सरळ होता. आम्ही राजा खपवून घेत नाही.

दुसरे इ.स.पू. ४३–४२चे. सीझरला मारून ब्रुटस पूर्वेकडे गेला आणि तिथे त्याने सैन्य जमवले. त्याच्या फिरत्या टांकसाळीतून हे नाणे निघाले. मागच्या बाजूला दोन खंजीर, मध्ये गुलामाला मुक्त करताना घालत ती टोपी, आणि खाली 'ईद मार' ही अक्षरे. आपल्या ईदशी याचा काही संबंध नाही. मार्चच्या मध्याला रोमन लोक ज्या नावाने ओळखत त्याचे हे लघुरूप, म्हणजे खुनाची तारीख. आणि पुढच्या बाजूला? स्वातंत्र्यदेवी नाही, रोमाही नाही. तिथे खुद्द ब्रुटसचा चेहरा आहे, जिवंत माणसाचा.

ज्याने चेहऱ्याला मारले, त्यानेही आपला चेहराच छापला. सैनिकांना पगार द्यायचा होता, आणि पगार कुणाकडून मिळतो हे त्यांना दिसायला हवे होते. प्रजासत्ताकासाठी लढणाऱ्यालाही प्रजासत्ताकाच्या रीतीने लढता येत नव्हते. हे नाणे पाहिले की पुढची फिलिप्पीची लढाई कोण हरले हा प्रश्न दुय्यम वाटतो. जे जपायचे होते ते आधीच हातातून गेले होते.

सगळे परत दिले, असे नाण्यावर लिहिले

शेवटी उरला सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन, पुढचा ऑगस्टस. त्याने राजा ही पदवी घेतली नाही. सिनेट ठेवली, कॉन्सलच्या निवडणुका ठेवल्या, ट्रिब्यूनही ठेवले. इ.स.पू. २८चे त्याचे एक सोन्याचे नाणे आहे. त्यावर तो कॉन्सलच्या खुर्चीत बसून गुंडाळी पुढे करतो आहे आणि भोवती लिहिले आहे की त्याने रोमन जनतेला तिचे कायदे आणि हक्क परत दिले. नाणे उलटले की त्याचाच चेहरा.

परत देणारा एक आणि घेणारे सगळे, असे झाले की ते हक्क उरत नाहीत, ती मेहेरबानी होते. पूर्वीचा नागरिक 'प्रोवोको' म्हणून लोकांकडे दाद मागे. आता दाद सीझरकडे मागायची. ट्रिब्यूनचे अधिकारही काही वर्षांनी त्याने स्वतःकडे घेतले. एकही संस्था बंद पडली नाही आणि एकही संस्था पूर्वीची राहिली नाही.

गंमत म्हणजे ऑगस्टसचा देनारियस उत्तम होता. चांदी शुद्ध, वजन बरोबर, रस्ते सुरक्षित, व्यापार जोरात. त्याचे आणि त्याच्या वारसाचे देनारियस आपल्या दक्षिण भारतात मोठ्या साठ्यांनी सापडले आहेत. भरूच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनाच्या बदल्यात नफ्यात खपतात, असे 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात नोंदवले आहे. पैठण आणि तेरहून त्या बंदराकडे माल जात असल्याचेही त्यातच आहे. तेव्हा ज्यांना वाटते की चलन खणखणीत आणि बाजार तेजीत म्हणजे राज्यकारभार ठीक, त्यांनी हे नाणे बघावे. चांदी टिकली आणि प्रजासत्ताक गेले. चांदीची पाळी नंतर आली. इ.स. ६४च्या सुमारास नीरोने वजन आणि कस दोन्ही उतरवले, आणि तिसऱ्या शतकात रोमच्या 'चांदीच्या' नाण्यात शेकडा पाच भागही चांदी उरली नव्हती. तेव्हा सम्राटाला जाब विचारेल असे कुणी शिल्लक नव्हते.

देनारियसचा दिनार

नाणे संपले तरी नाव उरले. ग्रीक आणि आरामी भाषांतून ते अरबीत आले आणि सोन्याच्या नाण्याला 'दिनार' म्हणू लागले. संस्कृतातही 'दीनार' झाला. गुप्तकाळातल्या लेखांत तो भेटतो. कुरआनात आले-इम्रान सूरेत अमानतीची गोष्ट सांगताना दिनारचा उल्लेख येतो: कुणाकडे ढीगभर धन ठेवले तरी तो परत करील, आणि कुणाकडे एक दिनार ठेवला तरी पाठीस लागल्याशिवाय तो देणार नाही, अशा अर्थाने. प्रजासत्ताकाच्या टांकसाळीतून निघालेला शब्द इथे माणसाच्या सचोटीचे माप झाला.

हिजरी ७७मध्ये, म्हणजे इ.स. ६९६–९७च्या सुमारास, खलिफा अब्दुल मलिक यांनी नवा दिनार काढला. त्यावर चेहरा नाही, खलिफाचे नावही नाही. फक्त कलमा आणि कुरआनातले शब्द. आपल्यातले काही जण हे अभिमानाने सांगतात, आणि नाणे खरोखर देखणे आहे. पण पुढचेही सांगितले पाहिजे. अब्दुल मलिक यांना खिलाफत वडिलांकडून मिळाली आणि त्यांच्यानंतर ती मुलांकडे गेली. नाण्यावरून चेहरा गेला, गादीवरून घराणे गेले नाही. चेहरा छापणे हे लक्षण होते, रोग वेगळा होता. लक्षण पुसल्याने रोग जात नाही.

म्हणून 'सिक्का कुणाचा?' हा प्रश्न विचारताना नाण्याकडे बघून थांबू नये. खजिन्याच्या दारात उभे राहून 'मी मनाई करतो' असे म्हणणारा कुणी आहे का, आणि तो म्हणाला तर त्याच्या बाजूने किती जण उभे राहतात, ते पाहावे. त्या दिवशी रोममध्ये मेटेलस एकटाच होता.